पुतळीचा पाण्याचा कागद

पुतळी शाळेत गेली ती दोनच पावसाळे. तिनं मास्तरांना विचारलं होतं, समुद्र एवढा खारट, मग त्यातला मासा शिजवताना मीठ का घालायचं? मास्तर म्हणाले, खाली बस. ती बसली, पण विचारायची खोड काही गेली नाही.

डहाणूच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळायला टांगण्यात तिची पन्नास-साठ वर्षं गेली. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. हात चालू, तोंडही चालू. शेजारच्या दोरीवर तानी. ती नात्यानं नणंद आणि मनानं मैत्रीण, त्यामुळे तिच्या बोलण्यात मीठ जरा जास्तच.

दोन हजार अठराचा शिमगा होऊन आठवडा झाला होता. टीव्हीवर बातमी लागली, मोठ्या कोर्टानं निकाल दिलाय म्हणे. बरं व्हायची आशाच नसेल तेव्हा मला मशिनवर ठेवू नका, असं माणसाला आधीच लिहून ठेवता येईल. पुतळी सुकट निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सून हेमालीला म्हणाली, "आवाज वाढव गं."

तिला ते ऐकायचं कारण होतं. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा रामा होडीवरच कोसळला. गुजरातेतल्या मोठ्या हॉस्पिटलात नेला. एकोणीस दिवस तोंडात नळी, छाती मशिन हलवणार. आता त्यांच्या आळीची रीत अशी, की माणूस जायला लागला की घरातल्या प्रत्येकानं चमचाभर पाणी पाजायचं. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. भांडलेला भाऊबंदही येतो, चमचा लावतो, भांडण तिथंच संपतं. ज्याला पाणी मिळालं नाही तो तहानलेला किनाऱ्यावर उभा राहतो, असं म्हणतात. रामाच्या तोंडात नळी. पाणी पाजणार कुठून?

आणि आता पुतळीचा स्वतःचा दमा वाढला होता. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीणबाई दिवाळीतच बोलली होती, पुढच्या वेळी दम अडकला तर मशिन लागेल.

म्हणून पुतळी पहिल्यांदा तिच्याकडेच गेली.

"बाई, नळी काढली तर माणसाला मारलं म्हणायचं का सोडलं म्हणायचं?"

डॉक्टरीणबाईनं लिहिणं थांबवलं. "मारतो तो आजार, मावशी. नळी त्याला फक्त अडवून धरते."

"आणि मी म्हटलं, लई त्रास होतोय, एक सुई द्या आणि मोकळी करा, तर?"

"ती मी देणार नाही. कायदाही देऊ देत नाही."

"का? मरायचं तर दोन्हीकडे आहेच."

बाईनं दाराकडे पाहिलं. बाहेर खोकणाऱ्यांची रांग लागलेली. मग म्हणाली, "एकात मी बाजूला होते. दुसऱ्यात माझा हात लागतो."

हे उत्तर पुतळीला अर्धंच पटलं. घरी येईपर्यंत ती रिक्षात स्वतःशीच बोलत होती, बाजूला होणाराही तिथं उभा असतोच की.

मग ती आशागडला शितल वकीलबाईकडे गेली. शितल तिचं सुकटीचं जुनं गिऱ्हाईक. तिनं समजावलं: कागद करायचा, दोन साक्षीदार लागतील, मॅजिस्ट्रेटची सही लागेल. "आणि एक नाव लागेल मावशी. तुमच्या वतीनं बोलणाऱ्याचं."

"माझं मी आताच सांगते ना?"

"तेव्हा तुम्हाला बोलता येणार नाही. डॉक्टर कोणाला तरी विचारणारच, की बाबा, कागदात लिहिलंय तसं करायचं ना?"

कागद केला की पोराच्या डोक्यावरचा भार उतरेल, असं पुतळीला वाटलं होतं. कागदानं तर पोरालाच मधोमध उभं केलं.

तानी म्हणाली, "माझं नाव घाल. मी पहिल्याच दिवशी नळी काढा म्हणून सांगते."

"म्हणून तर घालत नाही."

तिचा पोरगा नविन अंगणात जाळं शिवत बसला होता. घरच्या होडीचा तांडेल, चार खलाशांना नजरेनं हुकूम देणारा, बोलण्यात मात्र कंजूस. पुतळीनं त्याला सगळं सांगितलं.

"नाही," नविन म्हणाला.

"ऐकून तरी घे."

"ऐकलं. नाही."

आठ दिवस तो भिंतीकडे तोंड करून जेवला. पुतळीला राग आलाच नव्हता, तिला फक्त कळत नव्हतं. आणि न कळलेली गोष्ट तिच्या घशात काट्यासारखी टोचायची. नवव्या दिवशी ती त्याच्या जाळ्यावरच जाऊन बसली.

"ऊठ, आई. फाटेल."

"नाही म्हणतोस तर कारण सांग. मग उठते."

नविननं हातातली सुई खाली ठेवली.

"बाबांना मी मारलं," तो म्हणाला. "अठराव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, किडनीही बसली, तिचं वेगळं मशिन लावायचं का. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. तुला मी सांगितलं, आपोआप गेले. आता तुझ्याही वेळी मीच नको म्हणू?"

पुतळी जाळ्यावरून उठली. मग म्हणाली, "तू कशाला मारशील? मी मारलं."

"तू?"

"त्याच दिवशी. नर्सबाईची पाठ वळली तशी मी कापूस भिजवला आणि नळीच्या कडेनं तोंडात पिळला. पाण्याशिवाय कसं जाऊ देणार होते? दोन चमचे तरी गेलं असेल. त्यांना ठसका लागला, मशिन ओरडायला लागलं, नर्स धावत आली. मी कापूस पदरात लपवला."

"कापसानं काय होतंय? किडनी गेली होती त्यांची."

"किडनीनं माणूस एका रात्रीत जातो होय? पाणी छातीत गेलं."

"आई, मी नको म्हटलं म्हणून गेले."

"तुझ्या आधी मी पाजलं होतं. मोठं कोण, तू का मी?"

एका माणसाच्या मरणावर दोघं हक्क सांगत भांडत बसली. शेवटी आतून हेमाली म्हणाली, "अर्धं अर्धं वाटून घ्या. आणि जेवायला या, भात निवतोय."

त्या दिवशी नविन भिंतीकडे तोंड करून जेवला नाही. खाली मान घालून जेवला, आणि हात धुताना म्हणाला, "घाल माझं नाव. पण एक ओळ माझी लिहायची."

ती ओळ शितलनं त्याच्याच शब्दांत कागदावर घेतली: नळी काढायची ती आईला पाणी पाजता यावं म्हणून, आणि ते पाणी मी पाजेन.

"आणि तुझ्या पाण्यानं ठसका लागून मी गेले तर?" पुतळीनं विचारलं.

"तर तू मला सांगायला नसशील, की मोठं कोण."

डहाणूच्या कोर्टात दोन फेऱ्या फुकट गेल्या. असा कागद तिथं कोणी पाहिलाच नव्हता. तिसऱ्या फेरीला मॅजिस्ट्रेटसाहेब भेटले. साक्षीला तानी आणि शितलचा कारकून. साहेबांनी ती पाण्याची ओळ दोनदा वाचली.

"आजी, हे तुमच्या मनानं करताय ना? कोणाचा दबाव?"

"दबाव आहे साहेब. मीच आणलाय, या पोरावर."

साहेब नविनकडे वळले. नविननं मान डोलावली. पुतळीनं दोन पावसाळ्यांतलं शिकलेलं सगळं बोटांत आणून स्वतःचं नाव लिहिलं. तानीनं अंगठा उठवला आणि शाई पुतळीच्याच पदराला पुसली.

बाहेर ऊन चढलं होतं. पायऱ्या उतरताना पुतळीला धाप लागली, ती कठड्यावर टेकली. नविन समोरच्या चहाच्या टपरीवर गेला आणि पेलाभर पाणी घेऊन आला. तिनं एकेक घोट घेतला. तो समोर उभा राहून तिच्या गळ्याकडे बघत होता, घोट नीट खाली उतरतोय का ते.

"तालीम करतोस काय रे?" ती म्हणाली.

"गप पी," नविन म्हणाला, आणि पेला संपेपर्यंत तिथून हलला नाही.