बापाच्या नावाचं पाणी

मित्रहो, मामेबहिणीचं लग्न लावून आत्ताच जिवतीहून घरी आलो. कपडेही बदलले नाहीत, आधी हे लिहितो.

आमच्या आदिवासी समाजात लग्नाला मोहाची दारू लागतेच. चार थेंब पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडतात, मग पानांचा दोना सगळ्यांत फिरतो. त्याला नाही म्हणणं म्हणजे पूर्वजांनाच नाही म्हणणं.

मामाने दोना माझ्यापुढे धरला. माझी गोळी सुरू आहे, तिच्यावर थेंबही चालत नाही. नाही कसं म्हणायचं, ते दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी रिकाम्या खुर्चीला मामा समजून माझ्याकडून वदवून घेतलं होतं. तसंच बोललो, "मामा, मी दारू सोडाचा इलाज घेऊन राह्यलो. मले नको."

वाजंत्री थांबली.

मामा म्हणाला, "बरं. तुह्या वाट्याची तुह्या बापाले देतो." आणि दोना ओतायला वाकला.

पुरुषांच्या बैठकीत कधीच न बोलणारी माझी आई मागून म्हणाली, "त्यायले नको देऊ भाऊ. ते दारूनंच गेले. पाणी दे."

मामाने दोना बाजूला ठेवला आणि बापाच्या नावाने पाणी सोडलं. मग वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

येताना बसमध्ये आई माझा हात धरून रडली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. आनंद नाही, दुःख नाही, काहीच नाही. ताई म्हणतात, सुरुवातीला होतं असं.

तुमच्यापैकी ज्यांनी सोडली, त्यांना विचारतो. रडू कधी परत येतं?