पाहुणे बसलेले असताना

शेवंताबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घरून परतून यवतमाळच्या आपल्या घराचं कुलूप उघडत होते. इरा, नील, तुमची नानी ती, आणि माझी विहीण. परीक्षांमुळे तुम्हाला येता आलं नाही. आता दीड महिना होत आला. जे पाहिलं ते तुमच्यासाठी नीट लिहून ठेवते आहे.

तुमच्या आईबाबांचं लग्न ठरवायला आम्ही पहिल्यांदा बोरी अरबजवळच्या त्यांच्या तांड्यावर गेलो. घरात त्यांची, बंजाऱ्यांची गोरबोली चालायची, पण आम्ही ओसरीवर टेकलो आणि सगळं घर मराठीत बोलू लागलं, एकमेकांशीसुद्धा. अंगणात पडलेला एक पोरगा गोरबोलीत भोकाड पसरत आला, तर नानी म्हणाली, "पाहुने हायेत, मराठीत रड!" तुमचे आजोबा मात्र सवयीने माझ्या कानाशी इंग्रजीत काही पुटपुटले. नानीने ते बरोबर टिपलं. "भाऊसाहेब, चहात साखर कमी पडली असन तं मराठीत सांगा. इंग्रजीतली साखर नाही आमच्यापाशी." खरं तर ते चहाची तारीफ करत होते, पण हे तिला पटवून देण्यात त्यांचा जन्म गेला.

पुढे ओळख मुरल्यावर मी एकदा विचारलं, माझ्यासमोर पोटच्या लेकीशीही मराठीत कशाला? "मानूस समोर बसला असतानी त्याले न समजनारं बोलू नाही, ईनबाई. त्याले वाटते, माह्यावरच बोलून राह्यले." तिचे पूर्वज बैलांवर मीठ, धान्य लादून गावोगाव फिरायचे. परक्या शिवारात मुक्काम करायचा तर आपल्या बोलण्याचा कुणाला संशय येऊ नये, हे तिला तिच्या सासूने शिकवलेलं. बैल जाऊन शेती आली, तरी तिने ते सोडलं नाही.

शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी तिला दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलं. तुमची आई विमानतळावरून थेट तांड्यावर आली तेव्हा मी उशाशी बसले होते. दर दोन शब्दांना नानीला धाप लागत होती. लेकीचा हात धरून ती म्हणाली, "आलीस का वं बाई... जेवन केलं का?" मग काही सांगू लागली, अडली, ओठ नुसते हलले. माझ्याकडे पाहून पुन्हा मराठी शब्द शोधू लागली. मला आधी वाटलं, धापेमुळे असेल. मग लक्षात आलं... मी तिथे होते म्हणून.

"विहीणबाई, तुमच्या बोलीत बोला. मला काही वाटणार नाही."

तिने मान हलवली. "तुमी बसल्या ना..."

"याडी, बोल ना," तुमची आई रडवेली झाली. याडी म्हणजे आई. तरी नाहीच.

मलाही तिच्याशी बोलायचं होतं. उठले तर पुन्हा तिच्याजवळ बसायला मिळेल याची खात्री नव्हती. मी तिचा हात दाबला आणि म्हणाले, "गाडी आली वाटतं, निघते मी." गाडी यायला अवकाश होता. "सांभाळून जा, ईनबाई," ती म्हणाली. मी बाहेर आले. आत तिचा आवाज सुरू झाला, गोरबोलीत. धाप होतीच, पण शब्द आता अडत नव्हते. मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले, ऐकू येणार नाही इतकी लांब.

तेरावं झाल्यावर तुमची आई चार दिवस माझ्याकडे राहिली. एका संध्याकाळी आम्ही तुरीच्या शेंगा सोलत असताना तिच्या भावाचा फोन आला. "हो... जेवले... आई इथंच आहेत," ती मराठीत एकेक शब्द बोलत राहिली. मी मांडीवरच्या शेंगा ताटात टाकून उठू लागले, तर तिने माझा हात धरून खाली बसवलं.

"नका जाऊ, आई. एकटीला नाही बोलवत."

आणि माझ्यादेखत ती भावाशी गोरबोलीत बोलू लागली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण हे पहिल्यांदाच. बोलता बोलता रडली, मध्येच हसलीही. मला अक्षरही कळलं नाही. माझा हात तिने सोडला नव्हता, म्हणून शेंगा तशाच राहिल्या.