हवेच्या स्वागताला घातलेला सडा

सरपंच झाले तेव्हा मला एकच विद्या येत होती. तपासणी येणार म्हटलं, की झाडू काढायचा. गावसफाईत आमचं गाव दोनदा तालुक्यात पहिलं आलं होतं, त्यामुळे चाळिशीतल्या त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, वाटे, की आपण हात फिरवला तर चंद्रावरचे डागसुद्धा निघतील. आज नातींना तिच्या गोष्टी सांगताना मला तिची कीव येत नाही, हसूच येतं.

आमचं गाव तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. रस्ता दोन बैलगाड्यांच्या मापाचा, आणि त्यावरून दिवसभर रेतीचे नि मँगनीजचे टिप्पर जात. आमचं घर रस्त्याला लागूनच. सासूबाईंना दमा. त्या ओसरी सोडून मागच्या खोलीत दार लावून बसत, आणि तिथूनही कोणता टिप्पर भरलेला गेला नि कोणता रिकामा, हे आपल्या खोकल्यावरून सांगत. जेवताना म्हणत, "भातावर वरण नको वाढू वं, धूळ वाढलीच आहे."

गावाबाहेरून, तलावाच्या पाळीपलीकडून, टिप्परसाठी वळणरस्ता काढायचा हे सरकारी आराखड्यात बरीच वर्षं होतं. आराखड्यात आमचं गाव फार सुखी होतं.

मग एक दोन पानी पत्र आलं. पहिल्या पानावर होतं, की गावातली हवा तपासायला पथक येणार. दुसऱ्या पानावर होतं, की जिथली हवा मर्यादेपेक्षा खराब निघेल, तिथला वळणरस्ता आधी हाती घेतला जाईल. त्या बाईनं पहिलं पान वाचलं आणि झाडू काढला.

दोन दिवस बायका रस्ता झाडत होत्या. तिसऱ्या दिवशी टँकरनं पाणी मारलं, दारोदारी सडे घातले, रांगोळ्या काढल्या. टिप्परवाल्यांना हात जोडून एक दिवस लांबच्या रस्त्यानं पाठवलं. म्हणजे टिप्पर दुसरीकडून जाऊ शकतात, हे मीच सिद्ध करून दाखवलं, आणि ते एकट्या माझ्याच लक्षात आलं नाही.

यंत्र शाळेच्या स्लॅबवर ठेवलं. पत्र्याची पेटी, वर टोपी, आत घूं घूं. नव्या ट्रॅक्टरला लावतो तसं मी तिला हळदकुंकू लावलं आणि भोवती तुळशीच्या कुंड्या मांडल्या. यंत्रासोबत आलेला माणूस चष्मा पुसत म्हणाला, "मॅडम, गावात नेहमीच एवढं ओलं असते का?"

"नेहमीच," मी म्हटलं. वर चहासोबत पोहेही खाऊ घातले.

महिन्याभरानं अहवाल आला. आमच्या गावची हवा उत्तम. मी तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला, पेढे वाटले. अहवालाचं दुसरं पान ग्रामसेवकानं वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या तोंडात पेढा होता. वळणरस्ता पलीकडच्या गावाला गेला होता. तिथून दिवसाला मोजून चार टिप्पर जात, पण तिथल्या सरपंचाला झाडायचा कंटाळा होता.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. "म्हणजे मी शुद्ध हवेनंच खोकून राहिली म्हणायची," त्या म्हणाल्या. नवरा पुढचे कित्येक दिवस मला 'पहिल्या नंबरच्या सरपंचीनबाई' म्हणत होता.

मी रस्त्याचं विचारायला तालुक्याच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब भला माणूस होता. म्हणाला, "ताई, रस्त्याचा आराखडा आता हवेच्या आकड्याले जोडला आहे. आकडा हलला तरच रस्ता हलते."

"मग हलवा ना आकडा."

"आम्ही कसे हलवणार? तुम्ही लेखी द्या, की त्या दिवशी पाणी मारलं होतं, गाड्या थांबवल्या होत्या. मग पुन्हा मोजता येते. पण ग्रामसभेत वाचून, ठरावासोबत."

ते त्या बाईला जमेना. गाव हसेल, बक्षिसांवर पाणी पडेल, ही काळजी. महिनाभर तिनं कागद लिहिला नि फाडला. एका मसुद्यात तर 'पाणी आपोआप सांडले' असं लिहिलं होतं. त्या महिन्यात सासूबाईंना दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्यांदा परत आणताना रिक्षात त्या काहीच बोलल्या नाहीत. टोमणासुद्धा नाही. मी घाबरले ती तेव्हा.

दुसऱ्याच दिवशी ग्रामसभा बोलावली आणि उभी राहून वाचलं: पाणी मी मारलं, गाड्या मी थांबवल्या, यंत्राला खोटं मी सांगितलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "आमाले माहीतच होतं, टँकर माह्याच दारावरून गेला." लोक हसले, आणि ठराव झाला.

पुन्हा यंत्र आलं. सकाळीच बायका सवयीनं बादल्या घेऊन रस्त्यावर. मी काठी घेऊन मागे लागले. "एक थेंब सांडला तर पाहा." सफाईत पहिलं आलेलं गाव दिवसभर धुळीची राखण करत बसलं. हवा भरघोस नापास झाली. लोकांनी माझं अभिनंदन केलं.

वळणरस्ता व्हायला पुढे तीन उन्हाळे गेले. सुरू झाला त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मले नेऊन दाखव." बैलगाडीनं नेलं. पाळीवर बसवलं. समोरून एक भरलेला टिप्पर गेला आणि आम्हा दोघींवर धुळीचा लोट आला. मी घाबरून त्यांची पाठ चोळू लागले. खोकला थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले.

"राहू दे वं," पदरावरची धूळ दाखवत त्या म्हणाल्या. "आज आपण इच्या घरी आलो. ही नाही आली आपल्या घरी."