झेबाच्या मक्यातली हवा

गेल्या वर्षी उस्मानपुऱ्यात एक कुजबुज फिरत होती. म्हणे, झेबा नवऱ्याच्या बेकरीत, नानखटाईच्या भट्टीत, चोरून मका वाळवते. म्हणूनच तिच्या मक्यात हवा निघत नाही. बातमीचा उगम आमच्या भामाबाई. त्या पाव आणायला गेल्या आणि ट्रेमध्ये पिवळं काहीतरी बघून आल्या. भामाबाईंना चिमूटभर दिसलं तरी सांगायला त्यांच्याकडं पोतंभर असतं.

हवा म्हणजे ओल. मोंढ्यातला व्यापारी मूठभर दाणे मशिनीत टाकतो, आकडा बघतो, तोंड वाकडं करून म्हणतो, "मालात हवा लई आहे," की भाव खाली आलाच. खरिपाचा मका काढायला आणि परतीच्या पावसाला आमच्याकडं एकच मुहूर्त सापडतो. मग गावोगाव डांबरी रस्त्यावर मका वाळत पडतो आणि गाड्या घरजावयासारख्या अंग चोरून कडेनं जातात.

झेबाला हेच मोडायचं होतं. ती बियाण्याच्या एका लहान कंपनीत नवे वाण तयार करते. खरं सांगायचं तर मक्याची लग्नं लावते. सकाळी उठून फुलंब्रीला जायचं, तुऱ्यांना कागदी पिशव्या घालायच्या, परका पराग येऊ नये म्हणून कणसांचे केसही झाकायचे, आणि ठरलेल्या नवऱ्याचा पराग ठरलेल्या नवरीवर झटकायचा. जिच्या रानात हे चाले ती मुक्ताबाई म्हणायची, "रोज लग्नं लागत्यात माझ्या वावरात, पण जेवणाची पंगत एकदा बी नाय!"

झेबाकडं मक्याचं एक घराणं दाण्यानं गच्च भरलेलं, पण आळशी. झाड पिवळं पडलं तरी कणीस ओलंच. दुसरं चटकन वाळणारं, पण दाण्याला महाकंजूष. दोघांची सोयरीक जुळवली तर लेकरं आईबापांचे नेमके अवगुण उचलायची. हे माणसांतही होतं. मी नावं घेत नाही. झेबा तेवढी लेकरं काढून टाकायची आणि पुन्हा मांडव घालायची. कित्येक हंगाम असे गेल्यावर एक पोर हवं तसं निपजलं. दाणा भरपूर, आतलं बुरकुंड, म्हणजे दाणे काढल्यावर उरतो तो दांडा, बारीक. कणसाभोवती पानं मोजकी, तीही पिकल्यावर सैल होणारी, म्हणजे वारा आत. आणि कणीस मान खाली घालणारं, म्हणजे पाऊस बाहेर. नव्या सुनेसारखं, म्हटलं तर सुना भांडतील.

पण कंपनीनं अट घातली. खपातल्या जुन्या वाणाला उत्पन्नात आणि कोरडेपणात, दोन्हींत हरवलं तर हा मका पुढं जाईल. नाहीतर बंद, आणि झेबाची सगळी वर्षं मातीत.

विक्री सांभाळणारे राजकुमार. जुना वाण त्यांनीच गावोगाव फिरून खपवलेला, त्यामुळं भट्टीची कुजबुज त्यांच्या कानाला गोड लागली. फोन आला.

"मॅडम, तोडणी, मळणी, मोजणी, सगळं रानात होईल. माझ्या डोळ्यांसमोर. मशीनही मोंढ्यातून मीच आणणार."

"या ना सर. नानखटाई आणते," झेबा म्हणाली. "भाजलेली."

आणि तोडणीच्या आदल्या दिवशी पाऊस! असा कोसळला की फुलंब्रीच्या रस्त्यावरचा मका लोकांनी ताडपत्रीसकट उचलला. नोमान, म्हणजे झेबाचा नवरा, म्हणाला, "चार दिन रुक जाते ना." झेबा उड्या मारायच्या बेतात. "रुकायचं कशाला? असाच पाऊस पाहिजे होता मला!"

सकाळी सगळे वावरात जमले. मीही होतो, असल्या ठिकाणी मला बोलवावं लागत नाही. सारख्या मापाचे तुकडे आखलेले, एकात जुना वाण, शेजारी झेबाचा. कणसं तोडली, तिथंच मळली, काट्यावर ठेवली. जुना अडतीस किलो. झेबाचा साडेपस्तीस.

राजकुमारांनी नानखटाई उचलली. "छान झालीय हं."

मुक्ताबाईनं कपाळाला हात लावला. "बाई गं, काटा तरी नीट बघा!"

"थांबा काकू," झेबा म्हणाली. डोळे लखलखत होते. "यात पाणी किती ते बघू दे."

मशीन लावलं. जुना वाण : शंभरात सव्वीस भाग पाणी. झेबाचा : अठरा! राजकुमारांनी नानखटाई खाली ठेवली. "पुन्हा टाका." पुन्हा अठरा. दाणे स्वतः निवडून टाकले. तरी अठरा!

मग पाणी वजा करून नुसता दाणा किती, ते काढलं. जुन्याचा अठ्ठावीसच्या जरा वर. झेबाचा एकोणतीसच्या वर. किलोभर पुढं!

"म्हंजी तुमचं ते दहा किलो पाणीच की वो!" मुक्ताबाई राजकुमारांना म्हणाली. "एवढं तर माझ्या घागरीत मावतंय!"

हशा उसळला. दुसरा तुकडा तोडला, तिसरा तोडला. प्रत्येक वेळी काट्यावर जुना पुढं आणि पाणी काढलं की झेबा पुढं. तिसऱ्याला तर पोरं सामन्यासारखी ओरडत होती. झेबानं मुक्ताबाईला मिठी मारली आणि दोघी चिखलात बसल्या, म्हणजे घसरल्या.

राजकुमार विक्रीचा माणूस. त्यांनी तिथूनच कंपनीला फोन लावला. "पुढच्या खरिपाला याचं बियाणं किती काढता येईल? नाही, नाही, तेवढ्यानं काय होतंय? फुलंब्रीलाच पुरायचं नाही!"

आता भट्टीचं. कंपनीचा तपासणीचा ओव्हन बिघडला होता. ओल मोजायचं मशीन बरोबर दाखवतं का ते बघायला झेबा गोदामातले मूठभर जुने दाणे दळून तोलायची, नोमानच्या भट्टीत पूर्ण कोरडे करायची आणि पुन्हा तोलायची; जेवढं वजन घटलं तेवढी खरी ओल. रानातला मका भट्टीत कधी गेला नाही.