पाचरीला कुंकू

नेता व्हायचं असेल तर माणसाला स्वतःची गोष्ट सांगता आली पाहिजे, हे मला त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलात, दोन दिवस फुकटचं पनीर खाऊन कळलं. तोवर मी सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो आणि चाळीस माणसांकडून रोज काम करून घेत होतो. पण ते नेतृत्व नव्हतं म्हणे. ती नुसती हमाली होती.

आम्हाला तिथे पाठवायचं कारण साधं होतं. त्या उन्हाळ्यात एका कामगाराचं बोट प्रेसखाली गेलं होतं. पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे तो येताना हात बाहेर राहतात. पण अशा शहाण्या पद्धतीने काम केलं तर फळ्यावर लिहिलेला दिवसाचा आकडा गाठता येत नाही. म्हणून सगळेच एका बटणात बाभळीची छोटी पाचर ठोकायचे. ते बटण दाबलेलंच राहायचं आणि एक हात पत्रा सरकवायला मोकळा. हे शॉपमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, मॅनेजरसाहेबांनाही. आकडा कमी करायचा सोडून त्यांनी आम्हा सुपरवायझरांना गोष्टी सांगायला शिकायला धाडलं. चांगली गोष्ट ऐकली की माणसं आपोआप सावध होतात, असं त्यांना कुणीतरी पटवलं होतं.

पुण्याहून आलेले प्रशिक्षक टाय लावून आम्हाला डोळे मिटायला सांगायचे. "आयुष्यातला संघर्ष शोधा," म्हणायचे. ज्याला तो सापडेना त्याची पंचाईत. एकाचे वडील चांगले तलाठी होते. दुपारच्या जेवणापर्यंत त्याने त्यांना खडी फोडायला लावलं. दुसऱ्याने धडधाकट आईला अंथरुणाला खिळवलं. टाळ्या पडत होत्या. माझी पाळी आली तेव्हा प्रशिक्षकांची नजर माझ्या डाव्या हातावर गेली. माझ्या तर्जनीची दोन पेरं नाहीत. त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा उजळला.

"हीच! हीच तुमची गोष्ट!"

मग मी सांगितली. मखमलाबादचा आमचा फुलांचा मळा, गाईसाठी कडबा कापायचं यंत्र, घरची गरिबी, यंत्रात गेलेलं बोट, तरीही न खचलेला मी. गरिबी मी उभ्या उभ्या घातली होती. आमच्या दारात तेव्हा स्कूटर होती. मागे बसलेल्या मॅनेजरसाहेबांनी रुमाल काढून डोळे पुसले. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, त्या वेळी हीच गोष्ट मी सगळ्या कामगारांपुढे सांगायची, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं.

त्या गोष्टीत गरिबी जितकी खोटी होती तितकंच बोटही. बोट याच कारखान्यात गेलं होतं. नव्वदनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी इथे टेंपररी ऑपरेटर होतो. तेव्हाच्या सुपरवायझरने स्वतः पाचर तासून माझ्या हातात ठेवली होती. बोट गेलं त्या दिवशी तो दवाखान्यात माझ्या उशाशी बसला आणि म्हणाला, "घरी कडबा कापताना गेलं म्हण. दिवाळीच्या आत तुला पर्मनंट करतो." मी तसं म्हटलं. घरच्यांनाही तेच पाठ करायला लावलं. त्याने शब्द पाळला. पुढे मी त्याच्याच खुर्चीवर बसलो आणि नव्या माणसाला पाचर कशी तासायची ते मीच दाखवू लागलो. प्रशिक्षकांना मी फार आवडलो यात नवल नव्हतं.

खंडेनवमीला मी आमच्या मळ्यातला झेंडू पोत्याने आणला. मशिनं पुसून झाली, हार चढले. पहिल्या रांगेत सिन्नरकडचा एक ऑपरेटर होता, अख्ख्या शॉपमध्ये सगळ्यांत चपळ हाताचा. त्याने प्रेसला हळद-कुंकू लावलं, हातोडीला लावलं, पान्यांना लावलं. मग बटणातली पाचर काढून पाटावर ठेवली, तिलाही कुंकू लावलं आणि हात जोडले. त्याच्या लेखी तेही अवजारच होतं. ती पाचर मीच त्याला तासून दिली होती. मला माझीच शिसारी आली.

मॅनेजरसाहेबांनी माझी ओळख "आपला प्रेरणास्रोत" अशी करून दिली. मी हात वर केला आणि म्हणालो, "हे बोट कडब्याच्या यंत्रात गेलं नाही. त्या तिसऱ्या प्रेसवर गेलं, पाचर लावलेली होती. खोटं बोललो म्हणून पर्मनंट झालो. आणि आज तुमच्यातल्या कितीतरी जणांना पाचर मीच तासून दिलीय."

कुणी टाळी वाजवली नाही. सिन्नरचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, गोष्ट पटली. पन फळ्यावरचा आकडा त्योच हाय ना? मग पाचर काढून करू काय?"

सगळ्यांनी मॅनेजरसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नारळाकडे पाहिलं. "चला, आरती घ्या," ते म्हणाले.

दसऱ्यानंतर कामावर आल्याबरोबर मी फळा पुसला आणि दोन हातांनी जेवढं होतं तेवढा आकडा लिहिला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुम्हाला प्रेरणा द्यायला सांगितली होती, आकडा बदलायला नाही." पंधरा दिवसांत माझी बदली स्टोअरला झाली. माझ्या जागी आला तो खडी फोडणाऱ्या तलाठ्याचा मुलगा. त्याने जुना आकडा परत लिहिला आणि पाचरी परत बसल्या. पुढच्या वर्षी त्र्यंबक रोडला जाऊन आलेल्या एकाने मला सांगितलं की प्रशिक्षकांनी पडद्यावर एका सुपरवायझरची गोष्ट दाखवली, कडब्याच्या यंत्रात बोट गमावलेल्या. सगळे रडले म्हणे. मला हसू आलं आणि मग दिवसभर चीड येत राहिली.

सिन्नरच्या ऑपरेटरने मात्र पाचर परत लावली नव्हती. त्याचा आकडा रोज कमी भरायचा आणि दर महिन्याला त्याला मेमो मिळायचा. हातमोजे न्यायला तो स्टोअरच्या खिडकीवर यायचा, तेव्हा मी बोलण्याआधी त्याच्या हातांकडे बघायचो. एकदा त्याच्या ते लक्षात आलं. त्याने खिशातला मेमो काढून बाजूला ठेवला आणि दोन्ही पंजे खिडकीच्या फळीवर पसरले.

"मोजा, साहेब. निवांत मोजा."

मी एकेक बोट मोजलं. दहा होती.