हळदीच्या गाण्यातून कापलेला आवाज

भूतखेत, करणी असल्या भानगडींवर माझा काडीचाही विश्वास नाही. रसायनीच्या एका कंपनीत मी मीटर दुरुस्त करतो. काटा हलला तर त्याला कारण असतंच, यावर आमचं पोट चालतं. तरीही हे लिहितोय...

गेल्या उन्हाळ्यात खालापूरजवळच्या आमच्या गावी माझ्या लेकीची, पूर्वाची, हळद होती. सुंदराआत्या आमची धवलारीण – म्हणजे लग्नात धवले गाणारी. ती गेल्यापासून गावात धवले गाणारं कुणी नाही. आई म्हणाली, "मंदाच्या हळदीची कॅशेट हाय ना, ती लाव." मंदा माझी धाकटी बहीण.

कर्जतला एकाकडून कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. त्यात जुनी फीत तुटली, पण फाइल मिळाली. तासभराची! भांडी, कुत्री, पोरांची रडारड... ते कापायला सोपं सॉफ्टवेअर शोधू लागलो. पहिल्यात एवढी बटणं की आमची कंट्रोल रूम बरी. दुसरं नेटशिवाय उघडेना. तिसरं मात्र झकास – नको तो भाग निवडा, कात्री दाबा, सेव्ह. गाणं थांबलं की पडद्यावरची लहर बारीक व्हायची. ती बघून, न ऐकताच कापत गेलो. शहाणाच ना मी!

आईला ऐकवलं. ती म्हणाली, "तुजा बा कुठं गेला?"

धवल्यात नवरीचं नाव घालतात. त्यासाठी आत्या गाणं थांबवून विचारायची, "दादा, नवरीचं नाव काय रं?" आणि बाबा सांगायचे, "मंदा." बाबांचा तेवढाच आवाज उरला होता. तो कापून मी त्याच फाइलवर सेव्ह केलं होतं, आणि कर्जतवाल्याने त्याच्याकडची कधीच पुसली होती. मला स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटली.

हळदीला भर दुपारी मांडवात तीच फाइल लावली. बायका सुरात सूर मिसळू लागल्या. मध्येच गाणं थांबलं. आत्याचा आवाज आला, "दादा, नवरीचं नाव काय रं?" मग बाबांचा तो खर्जातला, तंबाखू दाढेत धरलेला आवाज – "पूर्वा."

बाबा गेले तेव्हा पूर्वा जन्मलीही नव्हती. पाटावर बसलेली ती पोर मान वळवून बघत होती. "पप्पा, मला कोनी हाक मारली?"

बाकी बायकांना विचारलं, तर कुणी म्हणे ऐकलं, कुणी म्हणे स्पीकर अडकला. फाइल तेव्हापासून शंभरदा तपासली. गाणं सलग आहे. प्रश्न नाही, उत्तर नाही. कारण मला अजून सापडलेलं नाही, आणि खरं सांगू, मी आता फारसं शोधतही नाही.

त्या संध्याकाळी आईला विचारलं, "तू घाबरली नाहीस?"

ती हळदीची परात घासत होती. म्हणाली, "नवऱ्याला कोन घाबरतं रं? नातीचं नाव म्हायत हाय त्याला."