हिरोशिमात नानांनी हात जोडले नाहीत

गोल्डन वीकमध्ये, म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीला अख्खा जपान सुट्टीवर असतो तेव्हा, हिरोशिमाला जाऊ नका. आम्ही गेलो, कारण प्रसादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सलग सुट्टी तेवढीच मिळते आणि त्याला आपल्या वडिलांचं मन हलकं करायचं होतं. वडिलांनी असं काही मागितलेलं नव्हतं. नाना साताऱ्याहून आमच्याकडे तोक्योजवळच्या ग्योतोकुला राहायला आले होते, तेही अणुभट्टी फुटली त्या २०११च्या भूकंपाला दोन वर्षं उलटल्यावर, कारण तोवर आमचा एकूण एक नातेवाईक किरणोत्सर्गाचा तज्ज्ञ होऊन बसला होता.

नानांचे वडील इंग्रजांच्या फौजेत शिपाई होते. सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत सापडले आणि कुठल्याशा बेटावर मेले. नाना तेव्हा रांगत होते. प्रसादने जपानमधली नोकरी धरली तेव्हा नाना त्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते.

तोक्योहून नोझोमी बुलेट ट्रेनने साधारण चार तास लागतात. रिझर्वेशन आधीच करा, नाहीतर दाराशी उभं राहावं लागतं. प्रसादने चारही तास व्याख्यान दिलं. "बघा नाना, अमेरिकेने बॉम्ब टाकला, तरी आज दोघं मित्र. रिकन्सिलिएशन म्हणतात याला."

"टाकणाऱ्याने आणि खाणाऱ्याने मिठ्या मारल्या," नाना दशमी मोडत म्हणाले. "आमची माणसं मधल्यामध्ये मेली, त्यांना कुणी विचारलं?"

स्टेशनबाहेर ट्राम मिळते. ओकोनोमियाकी, म्हणजे इथलं कोबीचं जाड धिरडं, खायची असेल तर "निकु नाशि", म्हणजे मांस नको, असं सांगा. मांस येत नाही, पण वरून माशाचा कीस पडतोच. मी तो वेचत बसले. शाकाहाराबद्दल या देशाची समजूत अगाध आहे.

शांतता उद्यानात शांतता सोडून सगळं होतं. सेल्फी होत्या, झेंड्यामागून पळणारे ग्रुप होते. एके ठिकाणी सुटातला एक म्हातारा अमेरिकन आणि सुटातला एक म्हातारा जपानी समेटाचा हात मिळवत होते. फोटोग्राफरला उजेड पटेना, म्हणून त्यांनी तीनदा मिळवला. तिसऱ्या वेळी दोघांचे चेहरे रिसेप्शनला ताटकळलेल्या नवरा-नवरीसारखे झाले होते. आमच्या प्रसादला मात्र भरून आलं.

"नाना, तुम्ही पण हात जोडा ना. एक फोटो काढतो."

"कुणाला जोडू? माझ्या बापाला मारणाऱ्यांना?" नाना तडक जाऊन एका बाकावर बसले. मी आणि माझी नऊ वर्षांची लेक सई त्यांच्यामागे गेलो.

बाकाजवळच्या एका स्मारकाच्या दगडावर एक म्हातारी बाटलीतून पाणी ओतत होती. छातीवर गाइडचा बिल्ला होता, मोरिता नावाचा. "हे काय करतेय, विचार गं," नाना सईला म्हणाले. सईने विचारलं आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या जपानीत सांगितलं. भाजलेली माणसं पाणी मागत मेली. मोरिता-सानची आईसुद्धा. पाणी दिलं तर मरेल असं मोठ्यांनी बजावलं होतं, म्हणून सहा वर्षांच्या मोरिता-साननी दिलं नाही.

नाना बाकावरून उठून दगडाजवळ गेले. मग म्हणाले, "तिला सांग, माझा बाप तुमच्या कैदेत मेला. त्यालाही कुणी दिलं नसेल."

सईने माझ्याकडे पाहिलं. "मम्मा, असं बोलणं शित्सुरेइ आहे." उद्धट म्हणजे.

"सांग," मी म्हटलं.

आता माफी मागत कमरेतून वाकणं येणार, अशी माझी खात्री होती. ट्रेन एक मिनिट उशिरा आली तरी इथे वाकतात. बाई वाकल्या नाहीत. त्यांनी नानांच्या वडिलांचं नाव विचारलं.

"गणपत," नाना म्हणाले.

"गानापातो-सान," असं म्हणून बाईंनी बाटली पुढे केली.

"आता हिच्या आईचं नाव विचार." ते किकुए होतं. नानांनी उजव्या तळव्यावर पाणी घेतलं आणि अंगठ्याच्या बाजूने दगडावर सोडलं, तर्पणाला सोडतात तसं. दोनदा. प्रसाद कॅमेरा घेऊन धावत आला, तेव्हा मी त्याचा हात खाली दाबला.

ग्योतोकुला परतल्यावर नानांनी मला बजावलं, "सूनबाई, तुझ्या त्या ब्लॉगात 'माफ केलं' असलं काही लिहू नकोस. केलेलं नाही." प्रसादचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं. त्या तीन वेळच्या हस्तांदोलनापेक्षा हे मला फार खरं वाटलं.

नाना पावसाळ्याआधी साताऱ्याला परत गेले. सर्वपित्री अमावस्येला त्यांचा फोन आला.

"गुरुजी समोर बसलेत. त्या बाईच्या आईचं नाव काय गं होतं? सावकाश सांग, चुकायला नको."